कुणाकडची गं तू

जिन्याच्या वळणावरचा सूचनाफलक मी एकोणीस वर्षांत कधी धड वाचलेला नाही. त्यावर लसीकरणाच्या तारखा असतात, हरवलेल्या छत्र्या असतात, कुणाच्या तरी निवृत्तीच्या जेवणाचं आमंत्रण असतं. गुरुवारी सकाळी पावणेसातला, एका हातात डबा आणि दुसऱ्यात कॉफीचा पेला घेऊन मी जिना चढत होते, तेव्हा फलकासमोर आमच्या वॉर्डातली मेर्लीन उभी होती आणि मला बघून ती बाजूला झाली. मेर्लीन कधी कुणासाठी बाजूला होत नाही. म्हणून मी वाचलं. सोमवारपासून रुग्णांच्या खाटा खालच्या दाखल विभागातून संगणकावर ठरतील; वॉर्डातील परिचारिकांनी रुग्णांच्या खाटा परस्पर बदलू नयेत. खाली नर्सिंगच्या नव्या मुख्य मॅडम एस्कार्दा यांची सही होती. नाव कुणाचंच घेतलेलं नव्हतं. तरी माझे कान तापले. लहानपणी चर्चमध्ये पाद्रीबाबा पापांबद्दल बोलायला लागले की ते माझ्याकडेच बघून बोलतायत असं वाटायचं, अगदी तसे तापले. आणि खरं सांगायचं तर त्या तापलेल्या कानांच्या आत कुठेतरी गुदगुलीही झाली. मी जे करते ते कुणाच्या तरी नजरेत भरलं होतं. त्याला शब्द मिळाला होता, परस्पर. मेर्लीन म्हणाली, "मानांग सेल्सा, हे सगळ्यांसाठी आहे." मी म्हटलं, "इंदाय, खाटा सगळे कुठे सरकवतात?" थोरलीला आमच्याकडे मानांग म्हणतात, धाकटीला इंदाय. कॉफी गार व्हायच्या आत मी ती तिथेच उभ्याने संपवली.

आमच्या कामांची एक यादी आहे, चौतीस कलमांची, औषधांच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेली. ती वाचून कुणी आमच्या वॉर्डात आलं तर त्याला वाटेल आपण दुसऱ्याच मजल्यावर आलो. यादीप्रमाणे प्रत्येकीने आपापल्या रुग्णांच्या शिरेत सुई लावायची असते. आमच्याकडे सगळ्या सुया मेर्लीन लावते. तिला शिरा सापडतात. म्हातारीच्या सुकलेल्या दंडावर ती दोन बोटं ठेवते, डोळे मिटते आणि काहीतरी पुटपुटते. शिरेला हाक मारावी लागते म्हणते. तिला लिहायचा मात्र मनापासून कंटाळा, म्हणून तिचे तक्ते आम्ही बाकीचे भरतो. नेस्तोर यादीप्रमाणे दहा वाजता ब्लडप्रेशर घेत नाही, साडेदहाला घेतो, कारण दहा ते साडेदहा रेडिओवर मालिका असते आणि मालिका चालू असताना घेतलेलं ब्लडप्रेशर खरं नसतं असं त्याचं ठाम मत आहे. एकदा त्याने आठ दिवस दोन्ही वेळचे आकडे घेऊन डॉक्टरांना दाखवले, तेव्हापासून डॉक्टरच साडेदहाच्या आधी फिरकत नाहीत. हे कुणी ठरवलं नाही. कपडा अंगावर घालून घालून कोपराशी आपोआप सैल होतो, तसं काम ज्याच्या त्याच्या अंगाला बसत गेलं. माझं काम खाटा सरकवायचं. एप्रनच्या खिशात मी शिलाई मशीनच्या तेलाची बाटली ठेवते, कारण आमच्या खाटांची चाकं कुरकुरतात आणि बारा नंबरचं मागचं डावं चाक तर एखाद्या सासूसारखं बोलतं. बायकांचा वॉर्ड, अठरा खाटा, दाराजवळ एक ते चार, डाव्या भिंतीला पाच ते बारा, उजव्या भिंतीला तेरा ते अठरा. खालून माणूस येतं, त्याच्या कागदावरचं आडनाव मी वाचते आणि मला कळतं त्याला कुठे न्यायचं.

आमच्या प्रांतात आडनावावरून गाव कळतं. स्पॅनिश साहेबांनी कधीकाळी आडनावं वाटली, तेव्हा त्यांनी गावागणिक अक्षरं वाटून टाकली, एका गावाची आडनावं एकाच अक्षराची, आणि ती आजवर तशीच राहिली. गारिंगो म्हटलं की गिंबाल, तेरुएल म्हटलं की माझं तिगबावान. एस्कार्दा म्हटलं की डोंगरातलं इगबारास. म्हणून माझ्या वॉर्डात डाव्या भिंतीला समुद्रकाठची गावं असतात, उजव्या भिंतीला डोंगरातली, आणि दाराजवळ शहरातल्या, ज्यांना कुणाचीच गरज नसते असं त्यांना वाटतं. गिंबालची बाई गिंबालच्या बाईशेजारी पडली की तासाभरात दोघींच्या सोबतीला आलेल्या मुली एकाच पातेल्यातलं जेवतात. एकीची मुलगी कामावर गेली तर दुसरीची मुलगी दोघींना भरवते. सुईला घाबरणारी म्हातारी शेजारणीच्या देखत घाबरत नाही, कारण गावात बातमी जाईल. हे चौतीस कलमांत कुठेही नाही. कधी कधी जमतही नाही. त्या आठवड्यात चौदा नंबरला लेऑनची लोला सियोन होती; म्हाताऱ्या बाईला आम्ही लोला, म्हणजे आजी, म्हणतो. डोंगरातलं लेऑन तसं लहान गाव, आणि तिथलं दुसरं कुणीच वॉर्डात नव्हतं. मी तिला इगबारासच्या बाईशेजारी लावून बघितलं, पण तिला काही ते पटलं नाही. चार दिवस ती छताकडे बघत पडून होती, शहरी बोलीत काही विचारलं तर मान हलवायची, आणि तिची पेज परत जायची. मला ते डाचत होतं. आज तिच्यासाठी कुणीतरी येईल असं रोज सकाळी वाटायचं, म्हणजे लेऑनचं कुणीतरी आजारी पडावं अशी मी वाट बघत होते, आणि हे लक्षात आलं की माझी मलाच लाज वाटायची.

हे खूळ माझ्या डोक्यात माझ्या आईमुळे शिरलं. मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना आईला पित्ताशयाच्या ऑपरेशनसाठी मनिलाला न्यावं लागलं. चाळीस खाटांचा वॉर्ड, सगळे राजधानीच्या भाषेत भराभर बोलायचे, आणि आई भिंतीकडे तोंड करून पडली ती पडलीच. ऑपरेशन छान झालं होतं. टाके सुकत होते. डॉक्टर म्हणाले, सगळं ठीक आहे, जेवत का नाही कळत नाही. मी तिच्या पायाशी बसून पुस्तकात शोधत होते, न जेवण्याची कारणं, आणि त्यात एकवीस कारणं होती. आठव्या दिवशी लादी पुसणारी एक बाई खाटेशी थांबली, तिने खाटेला लावलेला कागद वाचला आणि काठीवर हनुवटी टेकवून आमच्या बोलीत विचारलं, "तेरुएल? म्हणजे तिगबावानची ना? कुणाकडची गं तू?" आई वळली. टाके असतानाही ती एकदम वळली, त्याचा आवाज मला अजून आठवतो, चादरीचा. ती म्हणाली, "माडी काढणाऱ्या इस्कोची धाकटी." त्या बाईने इस्कोला कधी पाहिलेलं नव्हतं, पण तिच्या मावशीने पाहिलं होतं. तेवढं पुरलं. त्या दुपारी आईने मासा मागितला. आज ती त्र्याऐंशी वर्षांची आहे आणि मी पातळ वरण केलं तर मला बोलून दाखवते. त्या एकवीस कारणांत बाविसावं कुणी का लिहिलं नाही, हे मला पुस्तकाला विचारायचं राहून गेलं, म्हणून मी खाटा सरकवायला लागले.

आणि त्याच आठवड्यात, सोमवारी, माझं चुकलं. अकरा नंबरला आठवडाभर लोला पास्तोरा गारिंगो होती, गिंबालची, दम्याची, बोलकी. सोमवारी सकाळी खालून कागद आला, फ्लोरदेलिसा गारिंगो, वय एकाहत्तर, पायाला सूज. मला इतका आनंद झाला. बारा नंबर नुकती रिकामी झाली होती, मी चाकाला तेल घातलं, स्वतः चादर ताणली आणि तिला आणून पास्तोराच्या शेजारी लावलं. मग नेस्तोर गोळ्या घेऊन आला आणि त्याने सवयीने नुसतं आडनाव पुकारलं. दोघी एकदम हो म्हणाल्या आणि दोघींनी हात पुढे केले. त्याने मनगटावरच्या पट्ट्या बघितल्या म्हणून बरं. पास्तोरा हसली, आणि कोपरावर उठून तिने तोच प्रश्न विचारला जो मला जगातला सगळ्यात चांगला प्रश्न वाटतो.

"गारिंगो? मग गिंबालचीच की. कुणाकडची गं तू?"

"मी गिंबालची नाही, शहरातल्या मोलोची," फ्लोरदेलिसा म्हणाली.

"मग गारिंगो कशी?"

"क्रिसांतोकडची. बस चालवायचा तो, दक्षिणेच्या रस्त्याला. वारला आता."

पास्तोराने कोपर खाली घेतला. क्रिसांतो तिचा नवरा होता, चर्चमध्ये लग्न लावलेला, बस चालवणारा, वारलेला. मोलोच्या बाईने नाव नुसतंच लावलेलं होतं, चाळीस वर्षं लावल्यामुळे ते कागदावर पक्कं झालं होतं, आणि कागद वाचून गाव ओळखणारी शहाणी मी. मंगळवारभर दोघी एकमेकींकडे पाठ करून पडल्या. मधला पडदा ओढलेला. नेस्तोर येऊन हळूच विचारून गेला, मानांग, ड्युटीवर पान्सित कुणी खाल्लं? शेवया खाल्ल्या की दिवस लांबतो असं आमच्याकडे सगळे मानतात, डॉक्टरसुद्धा. कुणीच खाल्लं नव्हतं. संध्याकाळी पास्तोराची लेक रेमेदियोस आली, शाळेत शिकवते, तिने पडदा बाजूला केला, बघितलं, परत ओढला आणि सरळ खाली तक्रार लिहायला गेली. बुधवारी माझी सुट्टी होती. मी दिवसभर कपडे धुतले आणि एकच गोष्ट मनात घोळवली, की त्या दोघींनी आयुष्यभर जे टाळलं ते मी एका सकाळी, तेल घालून, विनाआवाज घडवून आणलं.

गुरुवारी सात वाजता रात्रपाळीच्या मुलीने वॉर्ड माझ्या ताब्यात दिला. अकरा आणि बारा रात्रभर बोलत होत्या, ती जांभई देत म्हणाली, आणि मी समजले की भांडत होत्या. मी तिकडे गेलेच नाही. चादरींच्या खोलीत जाऊन उशांचे अभ्रे मोजत बसले. अभ्रे मोजायला कधीच कमी पडत नाहीत. मोजता मोजता मी ठरवून टाकलं होतं की मॅडमना हो म्हणायचं. सोमवारपासून खालून जो आकडा येईल त्या खाटेवर माणूस ठेवायचं, चौतीस कलमं करायची, तीनला घरी जायचं. मी स्वतःला त्या वॉर्डात फिरताना बघितलं, खिशात तेलाची बाटली नसलेली, आणि मला त्या बाईचा काही पत्ताच लागेना. ती कोण होती, ती तिथे का येत होती, पगार तर कुठेही मिळतो. ओळखीच्या निम्म्या मुली लंडनला आणि रियाधला गेल्या, मी गेले नाही, आणि कुणी का म्हणून विचारलं तर आईचं वय सांगते. खरं कारण खाटा होत्या. हे मला त्या अभ्र्यांमध्ये बसून पहिल्यांदा कळलं.

मॅडम एस्कार्दा बरोबर दहाला आल्या. चार महिन्यांपूर्वी त्या दुसऱ्या बेटावरून बदलून आल्या होत्या. कडक इस्त्री, हळू आवाज, आणि शहरी बोली इतकी स्वच्छ की जणू रोज धुऊन वाळत घातलेली. जेवायला त्या एकट्याच बसत, कारण त्यांच्याजवळ बसायची कुणाची छाती होत नसे. त्यांनी मला रागावून काही म्हटलं नाही, तेच जास्त अवघड गेलं. त्यांनी विचारलं की एका आडनावाच्या दोन रुग्ण शेजारी असताना चुकीची गोळी चुकीच्या पोटात गेली तर मी काय करणार होते. मी म्हटलं, पट्टी बघितली. त्या म्हणाल्या, या वेळी बघितली. ते खरंच होतं. मी मान खाली घातली, आणि तरी तोंडातून निघून गेलं की मॅडम, माणसं एकटी पडली की जेवत नाहीत. माझ्या खिशाकडे बघून त्यांनी विचारलं ते काय. मी बाटली काढून दाखवली. त्यांनी तिच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "बारा नंबर तीनवर न्या. आत्ता, माझ्यासमोर."

मी गेले. पडदा बाजूला सारला, खाली वाकून चाकाचा खटका सोडला. वर बघायची हिंमत नव्हती. तेल घालूनही ते चाक त्या दिवशी बोललं.

"कुठे नेतेस तिला?" पास्तोराचा आवाज.

मी म्हटलं, तीन नंबरला, लोला, तुमच्या लेकीने सांगितलंय.

"लेकीला काय कळतंय. एकोणऐंशी साली ती चार वर्षांची होती."

मला काही उमजेना. पास्तोरा उठून बसली होती आणि तिचा हात बारा नंबरच्या कठड्यावर होता, तो तिने सोडला नाही. "आम्ही अजून एकोणऐंशीतच आहोत," ती मला नाही, मॅडमना म्हणाली. "काल दुपारी सुरुवात केली चौऱ्याहत्तरपासून. हिच्याकडे तो कधी असायचा, माझ्याकडे कधी असायचा, सगळं लावत आणलंय. आता एकोणऐंशीचा गावचा उत्सव. त्या रात्री तो घरी आला नाही. मला म्हणाला बस बंद पडली. आता हिच्याकडून मला ते ऐकायचंय."

फ्लोरदेलिसाने सुजलेला पाय जरा वर घेतला. तिचा चेहरा अवघडलेला होता. ती म्हणाली, "माझ्याकडे पण नव्हता तो. मला पण बस बंद पडल्याचंच सांगितलं."

रेडिओवरची मालिका नेस्तोरने कधी बंद केली कुणास ठाऊक, सगळी डावी भिंत कान देऊन ऐकत होती. मग दहा नंबरवरून, माझ्याच गावची लोला त्रिनिंग, जिला शुक्रवारी घरी जायचं होतं आणि जी आठवडाभर कानाने कमी ऐकू येतं म्हणून सांगत होती, तिने स्वच्छ आवाजात विचारलं, "मग होता कुठे मेला?"

आधी पास्तोरा हसली. दमेकऱ्याचं हसणं, शिट्टी वाजवत सुरू होणारं. मग फ्लोरदेलिसा, तोंडावर पदर नसताना असल्यासारखा हात धरून. मग गिंबालच्या सगळ्या, मग तिगबावानच्या, मग, काय झालं ते न कळताच, उजव्या भिंतीच्या डोंगरातल्याही. मेर्लीन मागच्या मागे वळून सुयांच्या ट्रेशी हसत होती. मी अजून खाली वाकलेलीच होते, खटक्यावर हात, आणि मला रडू आलं, आणि ते दुःखाचं नव्हतं. सांगायला लाज कसली. मी चुकले होते हे खरंच होतं, आणि चुकूनसुद्धा खाट बरोबर जागी पडली होती. मॅडमनी हसू दाबायला ओठ मिटले होते. ते काही त्यांना जमत नव्हतं.

मग त्या जवळ आल्या आणि म्हणाल्या की एका आडनावाच्या दोघी शेजारी राहणार नाहीत म्हणजे नाहीत, गोळ्यांचा प्रश्न आहे, मध्ये एक खाट हवी. मी विचारायच्या आत लोला त्रिनिंग पाय खाली सोडून चपला शोधायला लागली होती. आम्ही तिची खाट दोघींच्या मध्ये लावली. तिने उशी नीट केली, दोन्हीकडे एकेकदा बघून घेतलं, आणि मला खाली वाकायची खूण करून कानात विचारलं की शुक्रवारऐवजी रविवारी गेलं तर चालेल का, छातीत जरा धडधडतंय. नेस्तोरने नळी लावून ऐकलं. धडधडत काहीही नव्हतं.

मॅडम जिन्यापर्यंत गेल्या, मी मागोमाग. फलकासमोर थांबून त्यांनी खिशातून पेन काढलं आणि स्वतःच्याच सूचनेतला परस्पर हा शब्द खोडून वर लिहिलं, रुग्णाला विचारल्याशिवाय. रुग्णाला विचारल्याशिवाय खाटा बदलू नयेत. मी ते दोनदा वाचलं. इतकं साधं होतं, आणि एकोणीस वर्षांत मी कुणालाही विचारलं नव्हतं, कागद वाचूनच मला सगळं कळत होतं. मॅडम पेनाला टोपण लावत होत्या. माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "आणि मी कधी दाखल झाले, तर मला कुठे ठेवाल?" इगबारास माझ्या अगदी जिभेवर आलं होतं. एस्कार्दा म्हणजे इगबारास, उजवी भिंत, सोळा किंवा सतरा. मी ते गिळलं. जिवाचा धडा करून, लादी पुसणाऱ्या त्या बाईला मनात आणून, मी नर्सिंगच्या मुख्य मॅडमना विचारलं, "तुम्ही मूळच्या कुणाकडच्या, मॅडम?"

त्यांचा हात टोपणावरच राहिला. चार महिन्यांत त्यांना हे कुणीच विचारलं नसावं. "एस्कार्दा नवऱ्याचं," त्या म्हणाल्या. "मी लेऑनची. वरच्या वाडीची. आईवडील गेल्यापासून तिकडे जाणं नाही." आणि जरा थांबून, ते शहरी बोलीतलं नव्हतं, "आमची सुपारीची झाडं होती."

मी त्यांचा कोपर धरला, मुख्य मॅडमचा, इस्त्रीच्या बाहीचा, आणि त्यांना परत आत घेऊन गेले, उजव्या भिंतीने, चौदा नंबरपर्यंत. स्टूल ओढून दिलं. लोला सियोन छताकडे बघत होती. मॅडम बसल्या, काय करावं हे न कळून त्यांनी आधी नाडी बघितली, आणि मग वाकून डोंगराकडच्या बोलीत, त्या खडबडीत बोलीत, काहीतरी विचारलं. चादरीचा आवाज झाला. सियोन वळली होती. तिने मॅडमना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि प्रश्न केला, आणि मॅडम घाईघाईने उत्तर देऊ लागल्या, आजोबांचं नाव, वाडीचं नाव, सुपारीच्या झाडांचं काय झालं ते. मी तिथून निघाले. बारा नंबरच्या चाकाला अजून दोन थेंब तेल लागणार होतं, आणि त्रिनिंगच्या पलीकडून ऐंशी सालाला सुरुवात झाली होती. साडेअकराला नेस्तोर ब्लडप्रेशरची वही घेऊन माझ्याजवळ आला आणि म्हणाला, मानांग, चौदा नंबर पेज मागतेय. मी बघितलं तर मॅडम चमच्याने पेज ढवळत होत्या, आणि सियोन त्यांना दटावत होती की अगं, फुंकर तरी घाल. आमच्या इस्पितळात मॅडमना कुणीतरी पहिल्यांदाच अगं म्हणत होतं.